तंबू आणि गाव

तंबूसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तंबू, डेरा, राहुटी, पाल, छावणी, कनात, शामियाना, खेमा. यातले काही शब्द अरबी, फारसी, तुर्कीतून आले आणि इथे इतके रुळले, की लग्नात शामियाना ठोकणाऱ्याला हा शब्द परका आहे असे सांगितले तर तो हसेल. जी भाषा आमच्या नावाला कायमची चिकटवलेली आहे, त्या उर्दूचा मूळ अर्थही छावणी असाच. म्हणूनच की काय, मुसलमान म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक लष्कर उभे राहते आणि त्याचे तंबू दिसू लागतात. लष्कर कधीच निघून गेले, हे लोक मात्र मागे राहिले आणि अजून तंबूतच आहेत, अशी एक समजूत मनाच्या तळाशी असते. ती कुणी उघड बोलून दाखवत नाही. 'तुम्ही मूळचे कुठले?' एवढ्या साध्या प्रश्नात ती मावते.

आम्ही मूळचे पाथरीचे, जिल्हा परभणी. हज करून आलेली अम्मी सोडली तर आमच्या घरात तंबूत कुणी कधी राहिलेले नव्हते. 2023च्या डिसेंबरात लेक-जावयाने तो योग आणला. दोघे पुण्यात नोकरी करतात. नातीला नाताळची सुट्टी होती, आम्ही दोघे नवरा-बायको मास्तरकीतून मोकळे झालो होतो, आणि ऐंशीला टेकलेल्या अम्मीला वाळवंट पाहायची हौस होती. 'मदिने का रस्ता बस में सोते सोते निकल गया, रेती देखीच नहीं,' ही तिची जुनी तक्रार. आम्ही मानवत रोडला गाडीत बसलो, मनमाडवरून मुंबई गाठली. तिथे लेकीचे बिऱ्हाड येऊन मिळाले. सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर, तिथून जैसलमेर, आणि जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम.

सम या गावाजवळ वाळूच्या टेकड्या आहेत आणि टेकड्यांच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॅम्पच कॅम्प. आमच्या कॅम्पात अर्धवर्तुळात तंबू मांडलेले, मधे बैठकांचा चौक आणि त्याच्या मध्यावर शेकोटीची जागा. तंबूत शिरलो तर आत लाकडी पलंग, आरसेकामाच्या उशा, कापडी भिंतींवर ठशांची छपाई, पायाखाली गालिचा. मागच्या बाजूला फरशी लावलेली न्हाणी, गिझर, कमोड. अम्मीने गालिच्याचा कोपरा उचलून पाहिला. खाली सिमेंटचा ओटा होता. ती म्हणाली, 'ये तो मकानच है. कपडे पहना हुवा मकान.' एका रात्रीचे भाडे जावयाने आम्हाला सांगितले नव्हते, ते नातीने सांगून टाकले. अम्मीने लगेच हिशेब मांडला, की दोन तंबूंच्या एका रात्रीत आखाड्यावरच्या सालगड्याचा महिना निघतो. त्यानंतर मात्र ती पैशाबद्दल बोलली नाही. गरम पाण्याने हातपाय धुऊन गादीवर जी पसरली ती चहा येईपर्यंत. सुख वाईट असते असे तिने आम्हाला कधी शिकवले नाही.

कॅम्पच्या दारात ढोलाच्या गजरात स्वागत झाले होते. एक मुलगी तबक घेऊन उभी होती, येईल त्याच्या कपाळाला टिळा लावत होती. अम्मी पातळ नेसते आणि डोक्यावरून पदर घेते. आमची नावे अजून वहीत चढली नव्हती. मुलीने अम्मीच्या कपाळाला टिळा लावला. मागून वहीत 'शेख' लिहिले गेले तेव्हा ती मुलगी जरा गोरीमोरी झाली आणि अम्मीकडे पाहू लागली. अम्मीने तिच्या गालावरून हात फिरवून बोटे मोडली. आम्हाला म्हणाली, 'बच्ची ने खुशी से लगाया, मैं क्या बोलूं?' मगरिबच्या वुजूत टिळा धुऊन गेला. त्यावर आमच्या घरात चर्चा झाली नाही. पाथरीत लग्नकार्याला जाताना अशा गोष्टी नेहमीच्याच असतात.

संध्याकाळी उंटांवरून टेकडीवर गेलो. आमचा उंटवाला विशीतला पोरगा होता. सूर्य टेकला तसे त्याने उंट बसवला, खिशातला फोन पाहिला आणि रुमाल पसरला. तेव्हा कळले, हा आपल्यातलाच. अम्मीने किब्ला विचारला. त्याने मावळत्या सूर्याकडे हात केला. पाथरीतही आम्ही तिकडेच तोंड करतो. नमाज झाल्यावर गप्पा निघाल्या. त्याच्या आजोबांकडे वीस-बावीस उंट होते, आता घरात दोन, आणि तेही पर्यटकांसाठी. हे त्याच्या एकट्याच्या घरचे रडगाणे नव्हे. 2012च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, 2019च्या गणनेत ते अडीच लाखांवर आले. राजस्थानने 2014 साली उंटाला राज्यपशूचा दर्जा दिला, 2015 साली त्याच्या कत्तलीला बंदी घालणारा आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला. पण ओझी वाहायला जीप आणि ट्रॅक्टर आले, चराईचे रान कमी झाले. कामच उरले नाही तर जनावर कोण पोसणार? त्या पोराने आम्हाला विचारले, 'महाराष्ट्र में मुसलमान घर में कौनसी बोली बोलते हैं?' आम्ही म्हणालो, घरात दखनी, दारात मराठी. त्याला ते लगेच पटले. त्याच्याही घरात एक बोली आणि कॅम्पात दुसरी.

हे पटायला कठीण गेले ते शेजारच्या तंबूतल्या मंडळींना. नात ओरडली होती, 'नाना, बुटात वाळू गेली!' ते ऐकून शेजारच्या बाई आनंदाने बाहेर आल्या. मराठी माणूस परमुलखात भेटला की होतो तसा आनंद. नाव-गाव झाले आणि त्या म्हणाल्या, 'अय्या, मराठी किती छान बोलता तुम्ही!' बाईंच्या मनात काळेबेरे काही नव्हते. हे वाक्य आमच्या वाचकांपैकी ज्याने ऐकले नसेल असा माणूस सापडणार नाही. आम्ही नुसते हसतो. अम्मीला मात्र त्यात कौतुक करण्यासारखे काय आहे तेच कळेना. ती म्हणाली, 'अगं बाई, पाथरीच्या बाजारात वांगी घ्यायची तर दुसरं काय बोलू?' बाई मनमोकळ्या हसल्या. त्यांचे यजमान म्हणाले, 'पाथरी म्हणजे साईबाबांची?' 

आम्ही हो म्हणालो, पण हे 'हो' म्हणणेही आता सोपे राहिलेले नाही. बाबांचा जन्म पाथरीचा, असे आमच्याकडे मानतात, तिथे जन्मस्थान मंदिर आहे. 2020च्या जानेवारीत पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली आणि शिर्डीकरांनी 19 जानेवारीला गाव बंद ठेवले. ज्या फकिराने एका पडक्या मशिदीत मुक्काम केला, तिला द्वारकामाई म्हटले आणि आपले मूळ सांगायचे टाळले, त्याच्याच मूळ गावावरून दोन गावे भांडली. जन्म कुठे झाला यापेक्षा तो आयुष्यभर कुणाच्या सोबत बसला, हे शिर्डी आणि पाथरी दोघींनाही ठाऊक आहे.

रात्री थंडी कडाक्याची पडली. शेकोटीभोवती बैठका होत्या. बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, डाळ-बाटी, वर तूप. भाकरी पाहून अम्मीला गाव भेटल्यासारखे झाले. आणि मग गाणे सुरू झाले. गाणारे मांगणियार होते. हातात कमायचा, खडताल, ढोलक. मांगणियार आणि लंगा या पश्चिम राजस्थानातल्या मुसलमान गायक जमाती. लंगांचे यजमान बहुतेक सिंधी सिपाही मुसलमान, मांगणियारांचे मुख्यतः राजपूत. यजमानाच्या घरी मूल जन्मले, लग्न निघाले, की गाणे यांचे. पिढ्यानपिढ्या चाललेले हे नाते. कृष्णाची, देवीची गाणी यांच्या तोंडी आहेत आणि सूफी कलामही त्याच गळ्यातून येतो. कोमल कोठारी यांनी विजयदान देथांबरोबर 1960 साली बोरुंद्याला रूपायन संस्था उभी केली, या कलावंतांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांना जगापुढे नेले. हमीरा गावचे कमायचावादक साकर खान यांना 2012 साली पद्मश्री मिळाली. शेख महंमद श्रीगोंदेकरांचे अभंग, सगनभाऊंच्या लावण्या आणि अमर शेखांचा डफ ज्यांच्या घरचा आहे, त्या आम्हाला यात नवल वाटले नाही. शेजारच्या यजमानांना वाटले. 'मुसलमान असून देवीचं गातात!' ते म्हणाले. पुन्हा तेच 'असून'.

कार्यक्रम आटपल्यावर इतर पाहुणे जेवणाकडे वळले. कमायचा वाजवणारे बुजुर्ग शेकोटीशी हात शेकत बसले होते. आम्ही सलाम केला, अम्मी त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांनी सांगितले, की यजमानाच्या घराण्याच्या पिढ्या त्यांना पाठ आहेत. कोण कुणाचा मुलगा, कुणी कोणती विहीर खोदली, कोण कोणत्या लढाईत पडला. आता यजमानांची मुले शहरात गेली, कुणाला एवढी नावे ऐकायला वेळ नाही. कॅम्पवाल्याला तर पिढ्या नकोच असतात. त्याला ठरलेली चार गाणी पाहिजेत, पाहुण्यांना टाळ्या वाजवता येतील अशी. त्यांचे काही सोयरे सरहद्दीपलीकडे, सिंधमध्ये. मुनाबाव-खोखरापारची थार एक्स्प्रेस 2006 साली सुरू झाली तेव्हा भेटी झाल्या, 2019मध्ये ती बंद पडली, भेटी संपल्या. हे सांगताना त्यांचा आवाज चढला-उतरला नाही. मग त्यांनी अम्मीला विचारले, 'आपकी पीढ़ियाँ कौन याद रखता है?'

अम्मी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'कोई नहीं. अल्ला.'

त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही. गादी मऊ होती, रजई जाड होती, पण वाऱ्याने कनात फडफडत राहिली. मनात एकच गोष्ट घोळत होती. शेकोटीपुढे ज्या बाया नाचल्या त्या कालबेलिया होत्या. त्यांचे नृत्य 2010 साली युनेस्कोच्या वारसायादीत गेले. त्यांच्या पुरुषांचा धंदा साप खेळवण्याचा, तो 1972च्या वन्यजीव कायद्याने हळूहळू बंद पडला. पालात जन्मलेल्या, पाल पाठीवर घेऊन फिरलेल्या या जमातीच्या लेकी पर्यटकांच्या राजेशाही पालापुढे नाचतात. आपल्या माणसांना ते पुरतात, आणि पुरायला जागा मिळवताना त्यांना गावोगाव अडचण येते. खरा तंबूतला माणूस तो. त्याला तंबूची हौस नसते, त्याला हवी असते दोन हात जमीन, जिवंतपणी आणि मेल्यावर.

आपल्याकडेही असेच आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 साली इंग्रजांनी आणला, 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती त्यातून मुक्त झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत पाल पारधी आहेत, ज्यांच्या नावातच पाल आहे. त्याच यादीत छप्परबंद आहेत, मुसलमानांसह. मुघल फौजेला छपरे बांधून देत ते दख्खनेत उतरले, असे सांगतात. फौज गेली, छपरे बांधणारा राहिला, आणि त्याच्या डोक्यावर मात्र धड छप्पर नाही. लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' आम्ही नोकरीला लागलो त्या काळात वाचले होते. आमच्या तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, आणि उसाबरोबर तोडणीच्या टोळ्या आल्या. फडाच्या कडेला बांबू वाकवून, वर ताडपत्री टाकून त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल फिटेपर्यंत मुक्काम. त्यात गिझर नसतो. हंडाभर पाणी असते, तेही लांबून आणलेले.

अम्मीचा मीनाचा तंबू आणखी वेगळा. 15 एप्रिल 1997ला मीनामध्ये आग लागून 343 हाजी गेले, त्यानंतर तिथे आग न लागणाऱ्या कापडाचे, लाखावर तंबू उभे झाले. अम्मी गेली ती त्यानंतर. एका तंबूत अनेक देशांच्या नव्हे, तरी अनेक जिल्ह्यांच्या बायका. बाहेर निघाले की जगभरची माणसे. कुणी खुणेने विचारले, कुठली? तर ती गळ्यातले ओळखपत्र दाखवून म्हणायची, 'पाथरी, जिल्हा परभणी.' समोरच्या इंडोनेशियाच्या बाईला त्यातले काय कळणार! पण अम्मीला भारत, महाराष्ट्र असे सांगून पुरेसे वाटत नव्हते. सगळ्या उम्मतीत उभे राहूनही माणसाला आपला तालुका सांगावासा वाटतो. 2024च्या हजमध्ये उन्हाने तेराशेवर माणसे गेली, त्यातली बहुसंख्य परवान्याविना आलेली, उन्हात चालत राहिलेली, सावलीला मुकलेली. ती बातमी आली तेव्हा अम्मी म्हणाली, 'रेती में पहली चीज छाँव. बाकी सब बाद में.' समचा आलिशान तंबू आणि फडावरची कोपी यांत फरक किती, हे तिला सांगायला नको.

एका रात्रीत आम्हाला इतके कळले, की तंबू कितीही भारी असो, त्याला विहीर नसते, उधारीची वही नसते, बांधावरून भांडणारा शेजारी नसतो, कब्रस्तान नसते. पाथरीत आम्हाला हे सगळे आहे. फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे, की अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन बहिरी हा ब्राह्मण घरात जन्मला होता आणि त्याचे घराणे पाथरीच्या कुळकर्ण्यांचे. पुढे सोळाव्या शतकात बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. ती मिळाली नाही तेव्हा लढाई करून घेतली. सुलतान झाला तरी त्याला पूर्वजांचे गाव हवे होते. मुसलमान झाल्याने गाव सुटत नाही, याला पाथरीइतका जुना दाखला दुसरा शोधायला नको.

आमच्या घराला तख्त नव्हते, बारा एकर जमीन होती. 1948च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या मुसलमानांवर काय गुजरले ते घराघरांत ठाऊक आहे. आमच्या नात्यातले काही जण कराचीच्या वाटेला लागले. दादाजींनाही निरोप आला. ते म्हणाले, 'खेत में तूर खडी है. काटेगा कौन?' तूर निघेपर्यंत दिवस निवळले, आणि दादाजी राहिले ते राहिलेच. देशप्रेमाचे भाषण त्यांनी कधी केले नाही. 2019च्या डिसेंबरात नागरिकत्वाच्या कायद्यावरून देशभर चर्चा पेटली तेव्हा आम्हीही सगळ्यांसारखी पेटी उघडली. उर्दूतले निजामाच्या काळचे कागद, 1954-55चे खासरा पत्रक, सातबारा, शाळेचे दाखले. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर सेख, तिसऱ्यावर नुसतेच भाई. पण बांध तोच आणि विहीरही तीच. कब्रस्तानातल्या आमच्या कबरी कच्च्या आहेत, नावाचे दगड नाहीत. कुठे कोण झोपले आहे हे अम्मीला पावलांच्या अंतरावरून ठाऊक आहे. लिंबाच्या झाडापासून सात पावले दादाजी, तिथून डाव्या हाताला दादी. ती गेली की हा हिशेब कोण ठेवणार, हा त्या बुजुर्गांचा प्रश्न होता.

पाथरीला परतल्यावर आम्ही पहिल्या जुम्म्याला दुपारी अम्मीला घेऊन बसलो. नातीची सुट्टी अजून चार दिवस होती. शंभर पानी वही आणली. अम्मी सांगत गेली, नात लिहीत गेली. पाच पिढ्यांची नावे निघाली. बायकांची नावे विचारली तेव्हा अम्मी थबकली, मग तीही आठवली, तीन सोडून. विहीर कुणी खोदली, तिच्यावर मोट कुणी हाकली, पोळ्याला बैलांना शिंगोट्या कुणाच्या दुकानातून आणत, कोणत्या उरसाला परभणीच्या तुराबुल हकला बैलगाडीने गेलो आणि मैदानात राहुटीशेजारी गाडीखाली कसे झोपलो, सगळे आले. नातीने विचारले, हेपण लिहायचं? अम्मी म्हणाली, 'लिख. मांगणियार लिखवाता ना?'

शेवटी नातीने पहिले पान काढून 'मूळ गाव : पाथरी' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. अम्मीने चष्मा लावून ते वाचून घेतले. मग बोट ठेवून म्हणाली, 'नीचे तालुका लिख, जिल्हा लिख. और खेत का गट नंबर बी डाल.'